उजव्या हाताची नखे

सकाळचे ऊन या घरात थेट येत नाही. ते आधी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या काळ्या टाकीवर उतरते आणि तिथे बराच वेळ काहीही न करता बसून राहते. मग टाकीच्या गोल पाठीवरून हळूच घसरून शेजारच्या पत्र्यावर येते. पत्रा जुना आहे, ठिकठिकाणी गंजलेला. गंजावर ऊन तांबूस दिसते आणि जिथे जस्त शिल्लक आहे तिथे पांढरे. पत्र्यावरून ते दोरीवर वाळणाऱ्या दोन ओढण्यांत शिरते. वारा नसला तर तिथेच अडकते. वारा आला की ओढण्या बाजूला होतात आणि उन्हाचा एक तुकडा गल्ली ओलांडून या खिडकीच्या कट्ट्यावर येऊन पडतो, ओढणी परत आली की नाहीसा होतो. असे पाच-सहा वेळा होते. नवाच्या पुढे केव्हातरी तो तुकडा परत जायचे विसरतो. कट्ट्यावर साखरेच्या डब्याची सावली आहे, तिच्या कडेकडेने तो सरकतो, धुळीचे कण त्यात सावकाश वर जातात, खाली येतात. कोणाला कसलीच घाई नसते. शेवटी तो माझ्या काचेला टेकतो. माझ्यापर्यंत पोहोचलेले ऊन डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचे असते, कारण मी ते नेहमी लाल रंगातून पाहतो.

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. नेलपॉलिशच्या एका बुटक्या बाटलीच्या टोपणाला मी जन्मापासून जोडलेला आहे. टोपण बंद असले की मी रंगात बुडून असतो, आणि खरे सांगायचे तर मला तिथेच बरे वाटते. चारचौघांत येण्याची मला पहिल्यापासून भीड आहे.

आज सोमवार आहे. दर सोमवारी सकाळी साडेनऊला इम्तियाजभाई मला सदऱ्याच्या खिशात टाकतात आणि मोमिनपुऱ्यातल्या या घरून बुधवार पेठेतल्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन जातात. आज ते त्यांच्या मुलीबरोबर बाहेर पडले. दारात त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्यांनी मागे वळून खिडकीकडे, माझ्याकडे पाहिले आणि ते तसेच निघून गेले. पंधरा वर्षांत असे झाले नव्हते. ते मला का घेऊन गेले नाहीत, हे मला कालपासून ठाऊक आहे. पण ते सांगायला मला सुरुवातीपासून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट आठवत नाही. एका लांबलचक खोलीत हजारो बाटल्या रांगेने उभ्या होत्या एवढे आठवते. प्रत्येकीत रंग ओतला गेला, पोलादाच्या दोन बारीक गोळ्या सोडल्या गेल्या आणि वरून टोपणासह आम्ही ब्रश उतरलो. त्या रांगेत सगळ्यांचे स्वप्न एकच होते. कोणाला नवरीची बोटे हवी होती, कोणाला नाटकातल्या नटीची. मी मनातल्या मनात एवढेच म्हणत असे की, ज्या हातात जाईन तो हात शांत असावा.

तुळशीबागेत सरुबाईंचे बांगड्या-टिकल्यांचे छोटे दुकान होते. एके दुपारी तिथे एक सडपातळ माणूस येऊन बायकांच्या गर्दीत संकोचून उभा राहिला. सरुबाईंनी विचारले, कोणता रंग हवा. तो हळू आवाजात म्हणाला की कोणताही चालेल, स्क्रूला लावायचा आहे.

"मग स्क्रूलाच बरोबर आणायचं होतं," सरुबाई म्हणाल्या. "लावून बघितला असता. आता आवडला नाही तर परत घेणार नाही."

गर्दी हसली. तो माणूसही हसला आणि लाल रंगाची बाटली, म्हणजे मला, घेऊन निघाला. ते इम्तियाजभाई.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत त्यांचे दुकान होते. दुकान कसले, एक टेबल, एक दिवा आणि तिन्ही बाजूंना उघडे पडलेले रेडिओ आणि टेपरेकॉर्डर. तिथे मला माझे काम समजले. टेपरेकॉर्डरचा आवाज दबलेला, घोगरा येऊ लागला की आत एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवावा लागतो. इम्तियाजभाई डोळे मिटून कान लावत, स्क्रू फिरवत, आणि ज्या क्षणी गाणाऱ्याचा आवाज धुक्यातून बाहेर आल्यासारखा स्वच्छ होई त्या क्षणी थांबत. मग तो स्क्रू धक्क्याने पुन्हा हलू नये म्हणून त्याच्या माथ्यावर माझ्याकडून लाल रंगाचे एक टिंब देत. रंग वाळला की स्क्रू जागच्या जागी बसे.

पहिल्या दिवशी मी फार खट्टू झालो. बोटांची स्वप्ने पाहिलेल्या ब्रशाने लोखंडाचे माथे रंगवावेत, हे मला पटेना. त्यातच त्यांनी पात्याने माझे बाजूचे केस कापून मला टोकदार केले. पण टिंब देण्याआधी त्यांनी श्वास रोखला. त्यांच्या बोटांतून माझ्या दांड्यात काहीच आले नाही, धडधड नाही, कंप नाही. रात्रभर न हललेल्या हौदाच्या पाण्यासारखा तो हात होता. मी मागितलेला शांत हात मला मिळाला होता. त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही.

ते टिंब पुढे त्यांची खूण झाले. गल्लीतले इतर कारागीर एखादा टेपरेकॉर्डर उघडत, आत लाल टिंब पाहत आणि गिऱ्हाइकाला सांगत की याला इम्तियाजभाईंचा हात लागला आहे, याला आम्ही छेडणार नाही. माझा रंग संपला की ते नवी बाटली आणून तिच्यातला रंग माझ्या बाटलीत ओतत. ब्रश मात्र मीच राहिलो. ते म्हणत, रंग कुठेही मिळतो, हाताला बसलेला ब्रश मिळत नाही.

त्यांची मुलगी अरिबा अकरा वर्षांची असताना, एका रविवारी, मी प्रथम नखावर उतरलो. रविवारी दुकान बंद असे, म्हणून शनिवारी संध्याकाळी मी खिशातून घरी येई. अरिबाने मला गुपचूप उचलले, बाटली खळाखळा हलवली, जाड थर दहाही बोटांवर फासला, पंख्याखाली उभी राहिली आणि वरून फुंकरही घालू लागली. एवढ्यात आईने, नसीमबानूंनी, चादरीच्या घड्या घालायला बोलावले. घड्या घालून झाल्या तेव्हा नखांवर चादरीची वीण उमटली होती आणि चादरीवर दहा लाल डाग. नसीमबानूंनी आधी चादरीकडे पाहिले, मग मुलीकडे, आणि एवढेच म्हणाल्या की चादरीची नखे छान झाली आहेत.

अरिबा रडू लागली. इम्तियाजभाईंनी तिला समोर बसवले आणि एखाद्या शिकाऊ कारागिराला समजावतील तशा गंभीरपणे समजावले. बाटली हलवायची नाही, आत हवेचे बुडबुडे होतात आणि तेच नखावर फुटतात. ती दोन तळव्यांमध्ये लाटण्यासारखी फिरवायची. नखावर तेलाचा हात असेल तर रंग धरत नाही, म्हणून आधी नख पुसायचे. ब्रश बाटलीच्या तोंडाशी एका बाजूने निथळायचा. पहिली रेघ मधोमध, मग दोन्ही कडांना एकेक, आणि कातडीपाशी केसभर जागा सोडायची. थर पातळ हवा, इतका पातळ की लावला की नाही अशी शंका यावी. तो पुरता सुकला की मगच दुसरा.

पंख्याखाली का नाही, असे तिने विचारले.

"पंख्यानं वरची साय सुकते, खालचं ओलंच राहतं," ते म्हणाले. "आपल्याला वाटतं झालं. मग हात लागला की सगळं सरकतं. जाड थराला घाई करता येत नाही, बेटा. घाई असेल तर थर पातळ कर."

फुंकरही नको, तोंडाच्या वाफेने चकाकी जाते, असे ते म्हणाले. पाचेक मिनिटे हात स्वस्थ ठेवायचे, मग गार पाण्याच्या वाडग्यात बोटे क्षणभर बुडवायची. पाहायचे असेल तर दोन नखे एकमेकांना अगदी हलके टेकवायची. चिकटली नाहीत तर वरवर सुकले. आतून सुकायला आणखी वेळ लागतो, तोवर घड्या, भांडी, वेण्या काही नाही.

नसीमबानूंनी आपली एक अट घातली. नमाजआधी हात-तोंड धुताना, म्हणजे वुजू करताना, पाणी नखाला लागले पाहिजे. वर रंग असला तर ते लागत नाही. म्हणून लावायचेच असेल तर जोहरची दुपारची नमाज झाली की लावायचे आणि असरच्या, म्हणजे संध्याकाळआधीच्या नमाजची वेळ होण्याआधी पुसून टाकायचे. मध्ये तीन-साडेतीन तास. आता तुम्हाला कळेल की या घरात रंग लवकर सुकण्याला एवढे महत्त्व का होते. ज्याचे सगळे आयुष्य तीन तासांचे, त्याने वाळण्यात एक तास घालवणे परवडणारे नव्हते. नसीमबानू मुलीला "तीन तासांची नवरी" म्हणत आणि त्या तीन तासांत तिला एकही काम सांगत नसत.

तेव्हापासून दर रविवारी एक रीत पडली. डाव्या हाताची नखे अरिबा स्वतः रंगवी. उजव्या हाताची रंगवायला डाव्या हाताने ब्रश धरावा लागतो, आणि डावा हात सगळ्यांचाच थोडा वेंधळा असतो. म्हणून उजवा हात ती वडिलांपुढे करी. ते श्वास रोखत. खिडकीतून ऊन चटईवर पडलेले असे, गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत जाई, आणि मी पाच नखांवरून पाच वेळा असा जात असे, जसा माणूस ओळखीच्या रस्त्याने झोपेतही जातो. मला नवरी मिळाली नव्हती, नटीही नाही. पण त्या दुपारी मला आणखी काही नको असे.

वर्षे गेली. देशाची दारे उघडली असे दुकानातले लोक म्हणत. दारातून प्रथम परदेशी टेपरेकॉर्डर आले, मग सीडी आल्या, मग मोबाइल. बिघडलेली वस्तू दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेणे सोपे झाले. शेजारच्या रतनशेठनी रेडिओचे सुटे भाग विकणे सोडून मोबाइलची कव्हरे टांगली. आमच्या टेबलावर दिवसाला दोन वस्तू येत, कधी एक. मी बाटलीत बुडून राही आणि टेबलावरचा दिवा लाल चंद्रासारखा पाहत बसे. अरिबा संगणक शिकली आणि हिंजवडीच्या एका कंपनीत लागली. सकाळी सातला कंपनीची बस पकडायची, दिवे लागल्यावर परतायचे. तिच्या बोटांना आता दिवसभर टाइप करण्याचे काम होते. पण रविवारचे तीन तास तिने सोडले नाहीत.

दोन हिवाळ्यांपूर्वी एके दिवशी स्क्रूवरचे टिंब बाहेर गेले. अगदी थोडे, मोहरीएवढे. इम्तियाजभाईंनी ते कापसाने पुसले आणि पुन्हा दिले. पुन्हा बाहेर गेले. त्यांनी मला उजेडात धरले, माझे केस न्याहाळले आणि पात्याने टोक पुन्हा कापले. मी मनात म्हणालो, माझेच चुकले. मी म्हातारा झालो, माझे केस पांगले. पुढे ते मनगटाखाली लाकडाचा ठोकळा ठेवू लागले. मग डाव्या हाताने उजवे मनगट धरू लागले. मी म्हणालो, दांडा सैल झाला असेल. आपल्यावर घेतलेला दोष फार जड नसतो, मित्रांनो. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्यावर तो ठेवावा लागला तर उचलवत नाही.

एकदा रतनशेठनी टेबलावर वाकून पाहिले.

"भाई, पूर्वी टिंब द्यायचात," ते म्हणाले. "आता मळवट भरताय."

"ब्रश म्हातारा झालाय," इम्तियाजभाई म्हणाले.

"मग बदला की. पंधरा वर्षं तर आम्ही बायकोशिवाय काहीच ठेवलं नाही."

इम्तियाजभाई हसले. मग हसू ओसरल्यावर, रतनशेठ अजून तिथेच उभे होते म्हणून, हळूच म्हणाले, "अरिबाला एकदा जाऊ दे. मग बघू."

अरिबाला कंपनी दोन वर्षांसाठी परदेशी पाठवत होती. काय बघायचे ते मी विचारले नाही. नवा ब्रश बघायचा असेल, असे मी स्वतःला सांगितले आणि रंगात खोल बुडून बसलो.

रविवारीही काहीतरी बदलले. अरिबाने हात पुढे केला की ते म्हणत, आज बाटली दुकानातच राहिली. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. ते असे म्हणत तेव्हा खिशावर तळवा ठेवत, आणि त्या तळव्यातून माझ्या काचेला एक बारीक टकटक ऐकू येई. मी तिला त्यांच्या हृदयाची धडधड समजत असे.

काल शेवटचा रविवार होता. गुरुवारी तिचे विमान आहे. जोहरची नमाज होऊन बराच वेळ झाला, तेव्हा कुठे चटई पसरली गेली. अरिबाने खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून मला स्वतःच काढले आणि डाव्या हाताची नखे रंगवली, पातळ, नीट, कातडीपाशी केसभर जागा सोडून. मग उजवा हात वडिलांपुढे ठेवला.

इम्तियाजभाईंना आता नाही म्हणता येईना. त्यांनी मला निथळले, श्वास रोखला आणि अंगठ्यावर टेकवले. रंग नखाची कड ओलांडून कातडीवर गेला.

"ब्रश म्हातारा झालाय," ते म्हणाले.

अरिबाने अंगठा कापसाने पुसला. उठली, आपल्या बॅगेतून एक बाटली काढून आणली. त्याच लाल रंगाची, कालपरवाच घेतलेली.

"मग हा घ्या. नवा आहे."

मला चटईवर बाजूला ठेवण्यात आले. टोपण नीट बसले नव्हते, मी अर्धा काचेबाहेर होतो. आयुष्यात प्रथमच मी ते काम दुरून पाहिले. नवा ब्रश सरळ होता, त्याचे केस काळेभोर आणि एकसारखे होते. इम्तियाजभाईंनी तो उचलला. नखाला टेकण्याच्या आधीच, हवेतच, तो थरथरत होता. मग टेकला आणि रंग कातडीवर गेला, जिथे माझ्याकडून गेला होता नेमका तिथेच.

दारात नसीमबानू तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात ताटात थांबला. अरिबाने या वेळी अंगठा पुसला नाही. तिने आपला डावा हात, नखे अजून ओली असलेला, वडिलांच्या मनगटाखाली धरला. तिचा रंग त्यांच्या बाहीला लागला.

"अब्बा, ब्रश नवा आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"दोन थंड्या झाल्या." मग तिने आणखी विचारण्याआधीच ते म्हणाले, "तिकीट रद्द करायचं नाही. हे कबूल केलंस तर उद्या डॉक्टरकडे येतो."

"तुम्ही उद्या टाळलंत, तर गुरुवारी मी विमानात बसणार नाही. हेही कबूल करा."

मग त्यांनी मान हलवली आणि उरलेली चार नखे रंगवली. तिने मनगट सोडले नाही. चारही वाकडी झाली. ऊन चटईवरून भिंतीकडे सरकत होते, आणि ती दोघे त्या वाकड्या नखांकडे एखादा अवघड स्क्रू बसल्यासारखी समाधानाने पाहत होती.

"दोघांची बोलणी संपली असतील तर असर व्हायला आली," नसीमबानू म्हणाल्या. "नखं पुसा."

कापसाचा एकेक बोळा लाल होत गेला. त्या रंगाचे आयुष्य तासाभराचेही झाले नाही. पण इतक्या वर्षांत मी लावलेल्या सगळ्या टिंबांपेक्षा मला तीच नखे अधिक आठवतील. आणि ती तर मी रंगवलीही नव्हती.

ऊन आता माझ्या काचेवर पूर्ण आले आहे. खरे म्हणजे रंगाला ऊन चांगले नाही, त्याने तो घट्ट होतो. कोणीतरी मला सावलीत सरकवायला हवे. तुमच्याही घरी अशी एखादी बाटली असेल तर तिला उन्हात ठेवू नका, काम झाले की तिचे तोंड पुसा, टोपण घट्ट लावा. एवढे केलेत तर आमच्यासारख्या वस्तू फार वर्षे साथ देतात. मात्र एखाद्या दिवशी रेघ बाहेर गेली आणि घरातले कोणी म्हणाले की ब्रश म्हातारा झाला, तर त्यांच्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. ब्रश ठेवून द्या आणि तो धरणारा हात आपल्या हातात घेऊन पाहा. मला हे दोन वर्षे कळत होते. त्या हाताच्या सर्वांत जवळ मीच होतो.

माझे केस पांगले नव्हते. दांडाही सैल नव्हता. इम्तियाजभाईंचा हात थरथरत होता.